लाल ठोकळ्यातलं लग्न

काळाला आजवर कुणी जिंकलेलं नाही. राजे हरले, साधू हरले, शास्त्रज्ञ अजून तारखा मागून घेताहेत. पण सांगलीच्या अरविंद खराड्यांनी काळाला जिंकलं, त्याला वेसण घातली आणि आपल्या बैठकीच्या खोलीत सोफ्याशेजारी आणून उभं केलं. तो निळ्या रंगाचा होता, कपाटाएवढा उंच होता, आणि त्याच्यावर शैलाताईंनी ओला टॉवेल वाळत घातला होता.

"अगं, तो तास आहे!" अरविंदराव ओरडले.

"असू दे. कोरडा आहे ना?" शैलाताई म्हणाल्या.

अरविंदराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, यात त्यांची उभी हयात गेली. त्यामुळे मोबाइलच्या कॅलेंडरात दिवसाचे ठोकळे पाडायची युक्ती त्यांची लेक मृण्मयी हिने दाखवली, तेव्हा त्यांना ती शिकावी लागली नाही, नुसती आठवली. सकाळी फिरणं, निळा ठोकळा. मग पेपर, पिवळा. मग बँकेची कामं, तपकिरी. बोटाने चौकोन ओढला की मोबाइल टुंग वाजायचा आणि तेवढा तास घरात येऊन उभा राहायचा. त्याला एक दार असे. दार उघडून आत शिरलं की आत फक्त तेच काम. फिरण्याच्या ठोकळ्यात आमराईचा रस्ता होता, झाडं होती, वारा होता. कुत्री नव्हती, कारण कुत्र्यांना वेळ दिलेला नव्हता.

तास संपत आला की ठोकळ्याची मागची भिंत ड्रॉवर बंद व्हावा तशी अलगद पुढे सरकायची आणि माणसाला दारातून बाहेर ढकलायची. काम फत्ते. अरविंदराव घामाघूम आणि तृप्त होऊन पुढच्या ठोकळ्याचं दार उघडायचे. निवृत्तीनंतरची त्यांची मरगळ पार पळाली. जिना चढताना शीळ घालू लागले.

"अहो, माझा चष्मा तुमच्या पेपराच्या ठोकळ्यात राहिलाय," शैलाताई म्हणायच्या.

"उद्या सकाळी उघडेल तो."

"आणि तोवर मी काय करू?"

"हे बघ, आपल्या गप्पांचा ठोकळा संध्याकाळी आहे. जांभळा. तेव्हा विचार."

"मग आत्ता मी कुणाशी बोलतेय?"

"आत्ता बँकेची कामं चालू आहेत," अरविंदराव म्हणाले आणि दार लावून घेतलं.

रोजच्या ठोकळ्यांचं तसं बरं होतं. त्यात राहिलेली वस्तू दुसऱ्या दिवशी ठोकळ्याबरोबर परत यायची. पण एकदाच यायच्या ठोकळ्याचा कायदा वेगळा होता. 'गॅसचा सिलिंडर बदलणे' या ठोकळ्यात अरविंदरावांची नवी छत्री राहिली आणि ठोकळा मिटला तो मिटलाच. त्यांनी लगेच 'छत्री शोधणे' असा नारिंगी ठोकळा टाकला. आत जाऊन तासभर इमानेइतबारे छत्री शोधली. काम पूर्ण झालं. छत्री मिळाली नाही, कारण ती दुसऱ्या ठोकळ्यात होती.

अशातच मृण्मयीचं लग्न ठरलं. मुलगा इचलकरंजीचा, ओजस दाभोळे. उंच, गुणी, आणि इतका कमी बोलणारा, की बघण्याच्या कार्यक्रमात त्याने पोह्यांवर लिंबू मागितलं तेव्हा सगळ्यांनी माना वळवून बघितलं होतं. मृण्मयीला तो आवडला होता. अरविंदरावांना लग्नाचा दिवस आवडला होता. तो सबंध दिवस कॅलेंडरात कोराकरकरीत पांढरा पडलेला होता, आणि तो पाहून त्यांच्या बोटांना स्फुरण चढलं.

"लग्न म्हणजे काय गं? पाण्याच्या पाळ्या!" ते म्हणाले. "हळदीने पाणी तोडायचं, मंगलाष्टकांनी घ्यायचं. मंगलाष्टकांनी तोडायचं, पंगतीने घ्यायचं. आजवर कुठलंही लग्न वेळेवर लागलं नाही, कारण दारं राखायला पाटबंधाऱ्यातला माणूस नव्हता."

हळद पिवळी. मंगलाष्टकं लाल, त्याच्या शेवटच्या टोकाला मुहूर्त. पंगत हिरवी. आणि अगदी शेवटी पाठवणी, राखाडी. ठोकळ्याला ठोकळा असा चिकटवला की मधून टाचणी जाऊ नये.

"बाबा, मध्ये थोडी जागा सोडा," मृण्मयी त्यांच्या खांद्यावरून बघत म्हणाली. "ऑफिसात आम्ही सोडतो. काहीतरी लांबतंच."

"जागा सोडली की पाणी झिरपतं."

"आणि पाठवणी एवढीच?" राखाडी ठोकळा वहीच्या पुठ्ठ्याएवढा बारीक होता.

"त्यात काय असतं? गाडीत बसायचं," अरविंदराव म्हणाले आणि लगबगीने 'केटररला फोन' या ठोकळ्याकडे गेले. त्या ठोकळ्याची वेळ अजून झालेली नव्हती. ते बराच वेळ त्याच्या बंद दारासमोर पाठमोरे उभे राहिले.

आमंत्रणं मोबाइलवरूनच गेली. खाली तीन बटणं. येणार, नाही, कदाचित.

लग्नाच्या दिवशी शुभारंभ मंगल कार्यालयात सनई लागली तेव्हा चारही ठोकळे सभागृहात रांगेने उभे होते. हे घराएवढाले, रंग ताजे, दारांना तोरणं. राखाडी तेवढा भिंतीला टेकवून ठेवलेल्या पाटीसारखा कडेला होता. पाहुण्यांनी नवऱ्यामुलीच्या आधी ठोकळ्यांबरोबर फोटो काढून घेतले. इचलकरंजीकरांनी हिरव्या ठोकळ्याला कान लावून आत काय तळतायत याचा अंदाज घेतला. अरविंदराव फेटा सावरत इकडून तिकडे धावत होते आणि भेटेल त्याला सांगत होते, "वेळेवर! आज बघाच तुम्ही, सगळं वेळेवर!"

ज्यांनी 'येणार' दाबलं होतं ते धडधाकट आले. ज्यांनी 'कदाचित' दाबलं होतं ते बटर पेपरचे होऊन आले. सदूकाका दारातून आले तेच पंख्याच्या वाऱ्यावर हेलकावत. त्यांच्यातून मागचा 'चहा-नाश्ता' लिहिलेला बोर्ड स्वच्छ वाचता येत होता.

"काका, हे काय?" अरविंदरावांनी विचारलं.

"अरे, येणारच होतो मी. पण आधी बघू म्हटलं," सदूकाका करकरत म्हणाले. "उपीट संपलं का?"

अभ्यंकर गुरुजींच्या मदतनीसाने पण 'कदाचित' दाबलं होतं. त्यामुळे एक अडचण झाली. नवरानवरीच्या मध्ये धरायचा अंतरपाट त्याच्या हातात देऊन बघितला, तर कापडाच्या वजनाने तोच दुमडला.

"दुसरं टोक धरायला हाडामांसाचा कुणीतरी हवा," गुरुजी म्हणाले.

"मी धरतो," अरविंदराव म्हणाले. "वधूपित्याने धरू नये असं काही आहे?"

"नाही. पण सहसा वधूपिता रडत असतो."

"रडायला आज वेळ ठेवलेला नाही."

हळदीचा ठोकळा झकास पार पडला. पिवळी भिंत सरकली, सगळे पिवळेधमक होऊन खिदळत बाहेर आले, आणि अरविंदरावांनी घड्याळ बघून स्वतःच टाळी वाजवली. मग लाल ठोकळ्याचं दार उघडलं. मंडळी अक्षता घेऊन आत शिरली. दाभोळ्यांकडची काही चतुर मंडळी मात्र अक्षतावाल्याची नजर चुकवून, पहिली पंगत साधायला मागल्या बाजूने हिरव्या ठोकळ्यात घुसली. ते दार अजून उघडायचं होतं. पण कुठल्याही लग्नात ते दार कुणीतरी उघडतंच.

लाल ठोकळ्यात मृण्मयी एका पाटावर उभी राहिली, ओजस समोरच्या पाटावर. मध्ये पांढरा अंतरपाट. एक टोक गुरुजींच्या हातात, एक टोक अरविंदरावांच्या डाव्या हातात. उजव्या हातात मोबाइल. गुरुजींनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, आपली कडवी ठरल्या वेळेत आटोपली, आणि सगळीकडे उत्साहाची लाट उसळली. मुठी वर झाल्या. मागची भिंत संथपणे सरकायला लागली होती, पण हिशोब चोख होता. आता 'शुभमंगल सावधान' एकदाच, आणि अंतरपाट बाजूला.

तेवढ्यात नलूमावशी उठल्या.

नलूमावशी म्हणजे शैलाताईंच्या थोरल्या बहीण. घराण्यातल्या प्रत्येक लग्नात त्यांचं स्वरचित मंगलाष्टक असे आणि त्यात दोन्हीकडच्या झाडून सगळ्या नातलगांची नावं वृत्तात बसवलेली असत. आडनाव वृत्तात बसलं नाही तर नातलगाने वाईट वाटून घ्यायचं नाही, असा दंडक होता.

"नलूताई, तुम्हाला दोन कडवी," अरविंदरावांनी कापडाआडून बजावलं.

"दोनात तर तुमचे नुसते चुलते होतात, अरविंदराव," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी सूर लावला.

चुलते झाले. चुलत्या झाल्या. मामेमंडळी सुरू झाली. मागची भिंत शेवटच्या रांगेतल्या खुर्च्यांना टेकली आणि खुर्च्या पुढे सरकू लागल्या. अरविंदरावांच्या फेट्याखाली घाम फुटला. हा ठोकळा रोजचा नव्हता. एकदाचा होता. अंतरपाट दूर व्हायच्या आधी भिंत दाराला भिडली, तर माणसं हिरव्यात ढकलली जातील, पण न लागलेलं लग्न इथेच राहील, आणि पाटावर उभी असलेली त्यांची मुलगीही त्या लग्नाबरोबर मिटून जाईल. छत्रीसारखी.

अरविंदरावांनी अंगठ्याने स्क्रीनवरच्या लाल ठोकळ्याची खालची कड धरली आणि ओढली.

मागची भिंत झर्रकन मागे गेली. सभागृह लांबलं. टाळ्या पडल्या.

"वा! हॉल प्रशस्त आहे हो खराडे!" कुणीतरी ओरडलं.

सभागृहाबरोबर अंतरपाटही लांबला. गुरुजी आपल्या टोकासकट चार पावलं पलीकडे गेले. मृण्मयीचा पाट गुरुजींच्या बाजूला सरकला, ओजसचा पाट अरविंदरावांच्या बाजूला राहिला. कापड कुठे ताणलं नाही, विरलं नाही. ते नुसतं जास्त झालं.

मावशींनी ऐसपैस जागा बघितली आणि ठेवणीतले नातलग काढले. ज्यांनी 'नाही' दाबलं होतं त्यांचीही नावं आली. नाव आलं की माणूस खुर्चीत उमटत होता. बडोद्याचे भाऊजी गालाला साबण लावलेल्या अवस्थेत उमटले. एक वहिनी कुकरचं झाकण हातात धरून उमटल्या आणि "अगंबाई, शिट्टी व्हायची राहिली," म्हणाल्या. वारलेल्या आजोबांचं नाव आलं तेव्हा एक खुर्ची नुसतीच कुरकुरली. मंडळी बेहोश झाली. "आमचे साडू राहिले, साडू घ्या!" म्हणून फर्माइशी येऊ लागल्या.

अरविंदरावांनी आणखी ओढलं.

आता शेजारच्या हिरव्या ठोकळ्यातून आवाज येऊ लागले. लाल जेवढा लांबत होता तेवढा हिरवा दबत होता.

"अहो, कोपर! माझं कोपर कुणाच्या वरणात आहे?"

"माझ्या आहे. राहू द्या, पण मठ्ठा इकडे पाठवा!"

"पाठवू कसा? वाढपी पापडासारखा झालाय, तो आडवा होऊन सरकतोय!"

राखाडी ठोकळा मात्र दबला नाही. तो तेवढाच बारीक राहून पुढे पुढे ढकलला गेला, दारातून बाहेर पडला, चपलांच्या ढिगाला वळसा घालून फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. अरविंदरावांनी तो जाताना बघितला. त्यांना का कोण जाणे, एकदम हायसं वाटलं. त्यांनी आणखी थोडं ओढलं.

सभागृहाची पलीकडची भिंत आता दिसत नव्हती. गुरुजी काडेपेटीएवढे झाले होते. त्यांच्या शेजारी मृण्मयी उभी होती. तिच्या शालूचा रंग अजून ओळखू येत होता.

"नलूताई, आवरा आता!" अरविंदराव बेंबीच्या देठापासून ओरडले.

कापडाच्या कडेकडेने चालत शैलाताई आल्या. बरंच चालून आल्या होत्या. त्यांनी पदराने कपाळ टिपलं.

"अहो, कुणावर ओरडताय?"

"तुझ्या बहिणीवर! थांबायचं नाव नाही!"

"नलूताईचं कधीच संपलं. ती बघा, बसून लिंबू सरबत पितेय."

अरविंदरावांनी कान दिला. खरंच, कुणी गात नव्हतं. पंख्यांची घरघर तेवढी होती. लांबच लांब रांगांमध्ये माणसं मुठी वर करून, तोंडं उघडी टाकून, आता टाकायच्या अशा आवेशात उभी होती.

"मग हे लांबतंय कशानं?"

शैलाताईंनी त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. अरविंदरावांनी पण बघितलं. अंगठा लाल कड धरून ओढत होता. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"सोडा," शैलाताई म्हणाल्या.

"सोडतोय की."

अंगठा ओढत राहिला. गुरुजी आणखी बारीक झाले.

"सोडलं की हिरवा येणार," अरविंदराव हळू आवाजात म्हणाले. "हिरवं काय, जेवून होईल लगेच. आणि त्याच्यानंतर…"

"त्याच्यानंतरचं तर तुम्ही पुठ्ठ्याएवढंच ठेवलंय."

"म्हणून तर."

शैलाताईंनी नवऱ्याचा तिरका झालेला फेटा दोन्ही हातांनी सरळ केला.

"माझ्या वडिलांकडे मोबाइल नव्हता ते बरं," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी अजून मिरजेच्या कार्यालयात पाटावर उभी असते, आणि तुम्ही पडद्यापलीकडे म्हातारे झाला असता."

लांबवरच्या टोकाकडून काहीतरी ओरडणं ऐकू आलं. आवाज एवढ्या लांबून पोचेना, म्हणून पाहुण्यांनी तो पंगतीत बुंदी पुढे सरकवावी तसा एकमेकांकडे दिला. मृण्मयीने गुरुजींना सांगितलं, गुरुजींनी बडोद्याच्या भाऊजींना, त्यांनी कुकरवाल्या वहिनींना, आणि शेवटी सदूकाका पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत येऊन अरविंदरावांच्या खांद्याला चिकटले.

"पोरगी विचारतेय…"

"काय? काय विचारतेय?"

"बाबा कुठे दिसत नाहीत, आलेत ना, असं विचारतेय."

"आलोय म्हणावं! इथेच आहे म्हणावं! टोक धरून उभा आहे!"

सदूकाका तो निरोप घेऊन उडाले. तो परत हातोहात लांब जाऊ लागला आणि जाता जाता सगळे त्यात आपापला आनंद मिसळू लागले. आलेत, आलेत! टोक धरलंय! कुणीतरी चुकून टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्या पण पुढे गेल्या. कार्यालय आता रस्ता ओलांडून गेलं होतं. अंतरपाट गावाच्या छपरांवरून, कृष्णेच्या पात्रावरून पलीकडे जात होता, आणि त्याच्या टोकाला मृण्मयी तांदळाच्या दाण्याएवढी उभी होती. अरविंदराव डोळे ताणून तिच्याकडे बघत होते. ती हात हलवत असावी. किंवा मुंडावळ्या सावरत असावी. ती आणखी जवळ दिसावी म्हणून त्यांचा अंगठा घाईघाईने आणखी ओढत होता, आणि ती आणखी बारीक होत होती.

कुणाच्या तरी मुठीतून एक अक्षत वेळेआधीच सुटली होती. ती अंतरपाटाच्या वर हवेत येऊन थांबली. खाली येईना. सगळे श्वास रोखून तिच्याकडे बघू लागले, आणि शैलाताईंनी आपला हात अरविंदरावांच्या अंगठ्यावर नुसता ठेवला.

"बाबा."

अरविंदराव दचकले, अंगठा थांबला. त्यांनी लांबच्या टोकाकडे बघितलं. पण आवाज तिकडून आला नव्हता. तो अगदी जवळून, कापडाला नाक लागेल इतक्या जवळून आला होता, आणि पुरुषाचा होता. ओजस दाभोळे या माणसाने त्यांना पहिल्यांदाच काहीतरी हाक मारली होती.

"बाबा, पायाला मुंग्या आल्यात. जरा पाय बदलला तर चालेल ना?"